शुक्रवारी मरणारी माणसं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विसरलो म्हणून नव्हे. जिच्याबद्दल आहे ती बाई मला आपला पाठीराखा समजते, आणि तो गैरसमज मला इतका सोयीचा होता की मोडवेना. आता सत्तरी उलटली आहे. गुडघे कुरकुरतात, पण स्मरणशक्ती अजून शाबूत आहे. ती आहे तोवर लिहून टाकतो.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि कचेरीत इंग्रजी. मी नोकरीचा बराचसा काळ कोबॉलच्या प्रोग्रॅमांत घालवला आणि शेवटची वर्षं त्यांची तपासणी करण्यात. कोबॉल ही संगणकाची जुनी भाषा. बँका, विमा, पगार, पेन्शन असे जगाचे रुक्ष व्यवहार तिच्यावर चालत आले. तरुण मुलं तिला हसायची. आमच्या बेळ्ळंदूरच्या कचेरीत एक मजला आम्हा कोबॉलवाल्यांचा होता आणि बाकीच्या मजल्यांवरचे लोक त्याला वृद्धाश्रम म्हणायचे. आम्हालाही ते नाव आवडायचं.

अक्का तिथेच भेटल्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण सगळा मजला त्यांना अक्का म्हणायचा म्हणून मीही म्हणू लागलो. त्या बेळगावकडच्या. नवरा अचानक गेला आणि त्याच महिन्यात घर आवरून, शाळकरी मुलाला घेऊन त्या बेंगळूरला भावाकडे आल्या. पुढे मारतहळ्ळीला दोन खोल्या घेतल्या. आधी एका सहकारी बँकेत संगणकाचं काम केलेलं होतं, त्या बळावर आमच्याकडे टेस्टिंगला लागल्या. मी त्या गटाचा प्रमुख होतो.

परदेशातल्या एका पेन्शन कंपनीचं काम आमच्याकडे होतं. प्रोग्रॅम तपासायला माणसं लागतात, म्हणजे खोटी माणसं: खोटा जन्म, खोटी नोकरी, खोटी निवृत्ती. बाकीचे लोक ही माणसं घाईने बनवायचे. नाव क क क, जन्म एक जानेवारी, पत्ता अबक. अक्कांना ते खपायचं नाही. त्यांचं म्हणणं असं की क क क ला काही होत नाही, त्यामुळे त्याच्याकडून काही कळतही नाही. त्यांची माणसं संसारी होती. एक मिलिटरीतून निवृत्त झालेला गृहस्थ होता. एक मास्तरीणबाई होत्या, ज्यांनी साठीनंतर लग्न केलं. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेला एक गडी होता, त्याच्या वाढदिवसाचा विषय अक्का मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत काढायच्या. प्रत्येकाच्या आयुष्यात त्यांनी एखादी अशी अडचण घालून ठेवलेली असायची की प्रोग्रॅम तिथे अडखळलाच पाहिजे.

आणि माणसं मारायला लागायची. पेन्शन म्हटलं की मरण आलंच. नवरा मेला की बायकोला अर्धी पेन्शन सुरू होते का, पत्रव्यवहार तिच्या नावाने होतो का, हे तपासायला नवऱ्याच्या नोंदीत मृत्यूची तारीख भरायची. हे काम शुक्रवारी व्हायचं. शनिवार-रविवारी प्रोग्रॅम चालायचा. सोमवारी सकाळी आम्ही निकाल बघायचो, आणि दुपारपर्यंत सगळा डेटा पुसून पहिल्यासारखा केला जायचा, म्हणजे मेलेले सगळे जिवंत. अक्का म्हणायच्या, आमच्या मजल्यासारखा पुण्यवान मजला अख्ख्या बेंगळुरात नाही.

एकदा संध्याकाळी आम्ही एकाच ऑटोने मारतहळ्ळीला निघालो होतो. नेहमीसारखी गर्दी तुंबलेली. अक्कांच्या डोक्यात काम चालू होतं.

“अण्णा, त्या मिलिटरीवाल्याला ह्या शुक्रवारी मारू की पुढच्या?”

“ह्याच. बायको घर बदलते ना? त्याच महिन्यात व्हायला पाहिजे.”

“मग आधी तिला घर बदलू दे की. मग मारते.”

ऑटो कडेला जाऊन थांबला. चालक वळला. तो निपाणीकडचा निघाला, शब्द न्‌ शब्द त्याला कळला होता. पोलिसांची भानगड मला नको, म्हणाला, दोघं इथंच उतरा.

अक्कांना हसू आवरेना. ती माणसं खरी नाहीत, कंप्युटरमधली आहेत, असं त्यांनी कसंबसं समजावलं. त्याने थोडा विचार केला.

“कंप्युटरमधली असली तरी मारता कशाला? त्यांनी काय केलंय तुमचं?”

“बायकोला पेन्शन मिळते का बघायला.”

“मग, मिळते काय?”

“सोमवारी कळेल,” अक्का म्हणाल्या.

त्याने ऑटो सुरू केला. उतरताना मला म्हणाला, “सार, मिळाली पाहिजे बघा.”

नवरा मेला त्याच महिन्यात घर बदललेली बाई, ही केस अक्कांनी कुठून आणली हे मला माहीत होतं. बेंगळूरला आल्यावर कित्येक महिने त्यांच्या नव्या पत्त्यावर नवऱ्याच्या नावाने पत्रं येत होती. बँकेची, गॅसची, विम्याची. पोस्टमन विचारायचा, साहेब आहेत का? हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, चहा घेताना, हसत. पुढे म्हणाल्या, “म्हणून ही केस मी कधी काढून टाकणार नाही. टाइम नसला तरी.”

आता कामाचा भाग थोडा समजावून सांगतो, कारण माझी चूक त्यातच आहे.

ती पेन्शन कंपनी जुनं यंत्र सोडून नव्या यंत्रावर जाणार होती. अशा वेळी तपासणीची एक ठरलेली पद्धत असते. तीच माणसं, तीच माहिती जुन्या यंत्रावर चालवायची आणि नव्यावरही चालवायची. मग दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून बघायचे. हे ताडायचं काम एक लहानसा प्रोग्रॅम करतो आणि जिथे फरक आहे त्या ओळी काढून देतो. एकही ओळ निघाली नाही की नवं यंत्र पास.

पण काही रकाने वेगळे असणारच असतात. कोणत्या दिवशी चालवलं ती तारीख, कोणी चालवलं त्याचं चिन्ह. ते ताडून उपयोग नसतो, म्हणून त्या प्रोग्रॅमला सांगावं लागतं की हे रकाने वगळ. ही वगळायची यादी जपून करायची असते. एखादा रकाना त्यात घातला की त्यात काहीही होवो, कुणाला दिसणार नाही. आमच्याकडे नियम होता: यादीत भर घालायची तर कारण सांगायचं आणि दुसऱ्या कुणीतरी ती बघायची. नियम माझा, पण तो पाळणाऱ्या अक्का. नवीन मुलांना त्या सांगायच्या, “काय जुळलं ते मागनं बघा. आधी काय वगळलंय ते बघा.”

शेवटच्या फेरीची ती दुपार मला लख्ख आठवते. अहवाल संध्याकाळी द्यायचा होता आणि मॅनेजर काचेच्या खोलीतून दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघत होता. मी ताडणी चालवली तर फरकांचा ढीग बाहेर पडला. ओळींमागून ओळी. मी पहिली काही पानं बघितली. सगळीकडे एकच प्रकार: एका रकान्यात दोन्हीकडे काहीच नव्हतं, पण ‘काहीच नाही’ हे लिहायची दोन्ही यंत्रांची रीत निराळी होती. माणसाच्या डोळ्याला दोन्ही कोरेच, ताडणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र वेगळे. निरुपद्रवी गोष्ट. त्यावर सरळ उपाय म्हणजे दोन्हीकडचं कोरेपण आधी सारखं करून घ्यायचं आणि मग ताडायचं. त्याला आणखी एक दिवस गेला असता.

मी तो रकाना वगळायच्या यादीत टाकला. पुन्हा चालवलं. एकही फरक नाही. किती बरं वाटलं ते आज लिहायलाही लाज वाटते.

तो रकाना एका अक्षराचा होता. पत्र कुणाच्या नावाने पाठवायचं, हे त्यात लिहिलेलं असे. माणूस जिवंत असेल तर कोरा. मेलेला असेल तर विधवेचं चिन्ह.

अक्का अहवालावर सही करायला आल्या. विधवांच्या केसेस त्यांच्या, म्हणून सही त्यांची. पेन हातात घेऊन त्यांनी विचारलं, “अण्णा, वगळायची यादी बघितलासा काय?”

“बघितली,” मी म्हणालो.

“सरी. तुम्ही बघितला म्हणजे झालं.”

आणि त्यांनी सही केली.

मी खोटं बोललो नव्हतो. यादी मी बघितली होतीच, मीच तर बदलली होती. या वाक्याचा मी पुढे स्वतःजवळ फार वापर केला.

नवं यंत्र सुरू झालं. पेढे वाटले. दोनेक महिने बरे गेले. आपल्याकडे पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो तसा त्या देशातही लागायचा, आणि त्याची मागणी करणारी पत्रं दरवर्षी जायची. त्या वर्षीची गेली. त्यातली काही पत्रं अशा घरांत पडली जिथे नवरा वारलेला होता. पत्र बायकोच्या नव्या पत्त्यावर, आणि नाव नवऱ्याचं. आपण जिवंत असल्याचं आपण अद्याप कळवलेलं नाही, तरी त्वरित कळवावं.

एका बाईंचं उत्तर क्लायंटच्या माणसाने आम्हाला फोनवर वाचून दाखवलं. रागाचा शब्द नव्हता त्यात. त्यांनी लिहिलं होतं की माझे यजमान या पत्त्यावर कधी राहिलेच नाहीत, ते जुन्या घरातूनच गेले, तरी हे पत्र त्यांना कुठे पाठवायचं ते तुम्हीच सांगा.

अक्का खाली बघत होत्या.

मॅनेजरने मला विचारलं, हे कसं झालं? मी म्हणालो, एक केस निसटली. कुणाची, म्हणाला. मी म्हणालो, विधवांच्या केसेस अक्का बघतात.

हेही खरं होतं. त्या दिवशी मी एकही खोटं वाक्य बोललो नाही.

“होय, माझीच आहे ती,” अक्का म्हणाल्या. आवाज शांत होता. “घर बदललेली बाई. मी ती घातली होती. माझंच कायतरी चुकलं असणार. तारीख चुकली असेल.”

त्यांना तपासून बघायचं होतं, पण बघणार काय? त्यांच्या माणसांची मरणं सोमवारच्या सोमवारी पुसली जात. मिलिटरीवाला कधीच उठून बसला होता. निकालाच्या फाइली मात्र माझ्याकडे होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, मजल्यावर कुणी आलं नव्हतं तेव्हा, मी तो रकाना यादीतून काढला, दोन्हीकडचं कोरेपण सारखं करून घेतलं आणि ताडणी पुन्हा चालवली. एकच ओळ निघाली. जुन्या यंत्रावर विधवेचं चिन्ह होतं, नव्यावर कोरं. ओळीच्या सुरुवातीला अक्कांनी आपल्या त्या बाईला दिलेलं नाव होतं. तारीख बरोबर, पत्ता बरोबर, सगळं बरोबर. त्यांच्या केसने चूक अचूक पकडली होती. मी तिच्यावर झाकण ठेवलं होतं.

मी पडद्यावरची खिडकी बंद केली आणि खाली जाऊन कॉफी घेतली.

त्या आठवड्यात मॅनेजर अक्कांना काढायच्या बेतात होता. मी त्याच्या खोलीत जाऊन भांडलो. अगदी मनापासून भांडलो. एकटी बाई आहे, मुलगा शिकतोय, इतकी वर्षं एक चूक नाही, असं सगळं म्हणालो. जे म्हणायला हवं होतं ते सोडून सगळं. शेवटी त्याने त्यांना टेस्टिंगमधून काढून माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या गटात टाकलं. अक्कांना ते कळलं तेव्हा त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि डोळे भरून म्हणाल्या, “तुम्ही होता म्हणून, अण्णा. दुसरा कोण असता तर आपलं अंग काढून घेतला असता.”

मी म्हणालो, “असू दे, अक्का.”

त्या जिन्याच्या पलीकडे बसू लागल्या. त्यांची माणसं मी एका मुलाच्या ताब्यात दिली. त्याने काही दिवसांत त्यांची नावं काढून क क क, ख ख ख केली, शोधायला सोपं जातं म्हणून. मी ते चालवून घेतलं. एकोणतीस फेब्रुवारीचा गडी त्यातच कुठेतरी हरवला.

आम्ही दोघेही निवृत्त झालो. मी दर संक्रांतीला त्यांच्याकडे जातो. त्या एका वाटीत तिळाचा लाडू ठेवतात आणि दुसऱ्या वाटीत इथल्या पद्धतीचं यळ्ळु-बेल्ल: तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि डाळं एकत्र. दोन्ही खायला लावतात आणि दोन्ही भाषांत गोड बोला म्हणतात. मग आम्ही वृद्धाश्रमाच्या गप्पा मारतो. ऑटोवाल्याचा किस्सा दर वर्षी निघतो आणि दर वर्षी त्या तितक्याच हसतात. प्रत्येक वेळी मी घरून ठरवून निघतो की आज सांगायचं. बायकोला मी अजून हे सांगितलेलं नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी गप्प का असतो, हे कोडं तिने गुडघ्यांच्या नावावर सोडवून टाकलं आहे.

या संक्रांतीला अक्कांची सून घरी होती. तीही याच धंद्यातली, रिंग रोडवरच्या एका कंपनीत टेस्टिंग करते. चहा देताना सहज हसत म्हणाली, “आजोबा, तुम्हीच सांगा यांना. भाजीवाल्याने परत दिलेली चिल्लरसुद्धा मला दाखवतात. गोळ्यांचा डबा मी बघितल्याशिवाय एक गोळी घेत नाहीत. मी ऑफिसातलं काही विचारलं तर म्हणतात, मला नको विचारू, माझी नजर चुकते.”

“चुकतेच की,” अक्का म्हणाल्या. “अण्णांना विचार. ह्यांच्यामुळे निभावलं.”

लाडू माझ्या तोंडात होता. मला वाटत आलं होतं की मी फक्त त्यांची एक नोकरी हलवली. तसं नव्हतं. सगळ्या मजल्यावर सगळ्यांत नेमकी नजर ज्यांची, त्यांना मी इतकी वर्षं स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवलं होतं. मी काहीही न बोलता ते शिकवलं होतं.

सून ऑफिसला गेली. थोड्या वेळाने मी निघालो. अक्कांना भाजी आणायची होती म्हणून त्याही माझ्याबरोबर बाहेर पडल्या. त्यांनी दाराला कुलूप घातलं. ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं आल्या, परत गेल्या आणि आणखी एकदा ओढलं. मग माझ्याकडे वळून लहान मुलासारखं संकोचून म्हणाल्या, “अण्णा, स्वल्प तुम्ही बघा की. माझा काय भरवसा नाही.”

मी कुलूप हातात घेतलं. घट्ट लागलेलं होतं. पहिल्यांदा ओढलं तेव्हाच लागलेलं होतं.

“लागलंय, अक्का.”

“सरी. तुम्ही बघितला म्हणजे झालं.”

तेच वाक्य. मी वळलो. त्या पुढे झाल्या होत्या, जिन्याचा कठडा धरून हळूहळू उतरत होत्या आणि वळून सांगत होत्या की पुढल्या वर्षी बायकोलाही आणा. माझ्या ओठांवर शब्द आले होते. खाली रस्त्यावर येईपर्यंत होते. तिथे त्यांनी माझ्यासाठी ऑटो थांबवला, चालकाला कन्नडमध्ये बजावलं की म्हातारे आहेत, सावकाश ने, आणि मी आत बसलो.

मला त्यांना म्हणायचं होतं ते असं:

अक्का, तुमची घर बदललेली बाई बरोबर होती. तिची तारीख बरोबर होती, पत्ता बरोबर होता. नव्या यंत्राची चूक तिने धरली होती, पण तो रकानाच मी वगळला, म्हणून ती तुमच्यापर्यंत आली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बघितली म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती ओळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि गप्प बसलो. तुमची नजर तेव्हा चुकली नव्हती, आजही चुकत नाही. कुलूप पहिल्यांदाच लागतं, अक्का. मला क्षमा करा.